पत्र्याखालचं गॅरेज: एसीचं शेवटी बघू

एसी घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. हे सांगणारा मी स्वतः पंचवीसेक वर्षं एसी बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या धंद्यात आहे, नवी मुंबईत तुर्भ्याला माझं छोटं वर्कशॉप आहे आणि तेही पत्र्याखालीच आहे.

तुम्ही जे लिहिलंय ते आधी एकदा मांडतो, म्हणजे चूकभूल कळेल. खारघरला रो-हाऊस. शेजारी 18 बाय 10 फुटांचं गॅरेज, उंची 9 फूट. तीन बाजूंना विटांच्या भिंती, वर जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, नालीदार पत्रा, त्यात उजेडासाठी एक पारदर्शक पत्रा. पश्चिमेला रोलिंग शटर. आत कार, स्कूटर, जुना फ्रिज, इन्व्हर्टर आणि वडिलांचं सुतारकामाचं बाकडं. वडील सत्तरीचे, निवृत्तीनंतर दुपार त्या बाकड्यापाशीच घालवतात आणि मार्चपासून घामाघूम होऊन घरात येतात. दुकानदार दीड टनाचा एसी लावा म्हणतो, शेजारी कूलर म्हणतात. त्यात वडिलांनी स्वतः विचारलंय की पत्र्यावर निळी ताडपत्री टाकली तर चालेल का. त्यांच्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची परीक्षा करा. भर दुपारी एकच्या सुमारास बाकड्यापाशी उभे राहा आणि पुठ्ठ्याचा एखादा मोठा खोका उलगडून डोक्यावर धरा, पत्र्याला समांतर. दोन-तीन सेकंदांत टाळूला आणि खांद्यांना हायसं वाटलं, तर तुमचा त्रास हवेचा नाही, पत्र्याचा आहे. हवा तर तेवढ्यात बदलली नाही ना? बदललं ते एवढंच, की तापलेला पत्रा तुमच्या डोक्यावर जी उष्णता ओतत होता ती पुठ्ठ्याने अडवली. मी दहा पत्र्याच्या शेडमध्ये ही परीक्षा करून दाखवली तर दहाही ठिकाणी मालक आधी वर बघतो आणि मग माझ्याकडे बघतो.

म्हणून एसीचा हिशेब बसत नाही. भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट उष्णता पडते. तुमचा पत्रा जवळपास 17 चौरस मीटर. जुना, काळवंडलेला पत्रा मे महिन्यात 60-65 अंशांपर्यंत सहज जातो, आणि त्यातून खाली चौरस मीटरमागे दोनशेच्या आसपास वॅट उतरतात. म्हणजे एकट्या छतातून सव्वातीन किलोवॅट. एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट. थोडक्यात, एक टन एसी फक्त पत्र्याशी कुस्ती खेळण्यात संपला. पारदर्शक पत्रा 10 बाय 3 फुटांचा धरला तरी त्यातून भर दुपारी दोन किलोवॅटच्या घरात ऊन थेट आत येतं. शटर, कारचं गरम इंजिन, फ्रिज हे अजून धरलेलंच नाही. दीड टनाची पूर्ण ताकद 5.2 किलोवॅट. एसी घरघरत राहील, मीटर पळत राहील आणि वडिलांचं डोकं तरीही तापेल, कारण थंड हवेत उभं राहूनही डोक्यावरची शेगडी तशीच राहते. शिवाय शटरच्या फटींतून दमट हवा आत येत राहणार ती वेगळीच. पेट्रोलची गाडी असलेली जागा एसीसाठी घट्ट बंद करणं तर मला कधीच पटलेलं नाही.

आता शेजाऱ्यांचा कूलर. त्यांचं माहेर किंवा सासर विदर्भात आहे का? तिकडे कूलर देवासारखा. नागपुरात 43 अंश आणि हवा कोरडी ठणठणीत, अशा वेळी पाण्यावरून गेलेली हवा पंधरा अंशांनी सुद्धा खाली येते. आपल्याकडे मेमध्ये 34 अंश आणि आर्द्रता साठ टक्के. अशा हवेला पाण्याने कितीही भिजवलं तरी ती 27 च्या खाली जाऊच शकत नाही, आणि घरगुती कूलर तिला फार तर 29-30 पर्यंत नेतो. तोवर आर्द्रता नव्वदीला टेकलेली असते. घाम वाळत नाही. पटाशीच्या पात्यांवर, रंध्याच्या तळाला, करवतीला आठवड्यात गंज. मार्चमध्ये जमिनीवरून कोरडे वारे सुटतात आणि पारा 38-39 ला जातो, तेवढे मोजके दिवस कूलर खरोखर काम करतो. त्या दिवसांसाठी घ्यायचा तर घ्या, पण मेच्या आशेवर नको.

मग काय करायचं? ऊन पत्र्याच्या वरच अडवायचं. वर नाही अडलं तर पत्र्याच्या पोटाशी अडवायचं. आणि एवढं करूनही जी उष्णता आत आली तिला वरच्या वर बाहेरची वाट दाखवायची. बाकी सगळं त्यानंतर.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम म्हणजे पांढरा रंग. साधा पांढरा नव्हे, छतासाठीचा उष्णता परतवणारा रंग मिळतो तो. नवा असताना तो उन्हाचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग परत पाठवतो. 65 अंशांचा पत्रा चाळिशीच्या आसपास येतो आणि खाली उतरणारी उष्णता एक तृतीयांशावर. पण हा रंग लावण्यात निम्मे लोक फसतात, आणि फसवणूक रंगाची नसते, पत्र्याच्या तयारीची असते. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो. त्यावर थेट साधा ऑइल पेंट मारला की वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. आधी साबणाच्या पाण्याने आणि ताठ ब्रशने पत्रा घासून धुवायचा, तेलकटपणा आणि शेवाळ पूर्ण काढायचं, गंजाचे डाग तारेच्या ब्रशने खरवडून तिथे गंजरोधक प्रायमर, बाकी पत्र्याला जस्तावर चालणारा प्रायमर. मग रंगाचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. नालीदार पत्र्याचा पृष्ठभाग सपाट मापापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त भरतो, तेवढा रंग जास्त आणा. नाहीतर पेंटर शेवटच्या चार फुटांत पाणी घालून भागवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

काही जण चुन्यात डिंक घालून मारा म्हणतील. स्लॅबवर तो उपाय चांगला आहे, स्वस्त आहे, दर वर्षी करावा लागतो इतकंच. पत्र्यावर चुना धरत नाही. पत्रा दिवसात पंचवीस-तीस अंश खालीवर होतो, फुगतो, आक्रसतो, चुना तडकून सुटतो, आणि पहिल्या वळवाच्या सरीला तुमच्या गाडीवर पांढरे ओघळ.

रंग लावला म्हणजे कायमचं झालं असंही नाही. खारघरला बांधकामांची धूळ, महामार्गाची काजळी आणि त्यावर चार महिने पाऊस. दसऱ्यापर्यंत पांढरा पत्रा राखाडी-हिरवा झालेला असतो. तेव्हा एकदा धुवायचा, म्हणजे ऑक्टोबर हीटला उपयोगी पडतो. मग फेब्रुवारीअखेर पुन्हा. पत्र्यावर चालताना नालीच्या मधे पाय देऊ नका, खालच्या लोखंडी आडव्या पट्ट्यांच्या रेषेवर, म्हणजे बोल्टच्या रांगेवर, फळी टाकून चाला. तुमचा पत्रा जीआय आहे म्हणून हे सांगतो. कुणाकडे जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला घासू नका, भोकं पाडू नका, त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ छातीत जाते. आणि त्यावर चढूही नका, तो सांगून मोडत नाही.

पारदर्शक पत्रा काढा. इथे मी भिडस्तपणा करणार नाही. वडील म्हणतील की लाकडावरची रेघ दिसायला उजेड लागतो. बरोबर आहे त्यांचं. पण आपण 19 अंश अक्षांशावर राहतो. मेच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस तुम्हाला माहीत असेल. त्यानंतर तर सूर्य काही आठवडे आपल्या उत्तरेकडून जातो. अशा ठिकाणी छतातली काच किंवा फायबर म्हणजे सूर्याला दिलेलं आमंत्रण. उजेड उत्तरेच्या भिंतीत वर, पत्र्याच्या खाली, फूटभर उंचीची आडवी जाळीची खिडकी काढून घ्या. उत्तरेचा उजेड शांत असतो, सावल्या कमी पडतात, सुतारकामाला तोच बरा. काढणं अगदीच शक्य नसेल तर त्या पत्र्याला वरून पांढरा रंग मारा. थोडा दुधी उजेड येत राहील, ऊन नाही.

आता पत्र्याच्या पोटाशी काय करायचं. बाजारात बबल आणि दोन्ही बाजूंना चकचकीत फॉइल असलेला रोल मिळतो, किंवा फोमला चिकटवलेली फॉइल. विकणारा जाडी सांगतो, पण त्या मालाचा खरा गुण जाडीत नाही, चकाकीत आहे. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उष्णता बाहेर टाकायला फार कंजूष, अंगावर आलेल्या किरणांतले पंच्याण्णव टक्क्यांच्या पुढे परतवतं आणि स्वतः फारच थोडे टाकतं. पण त्यासाठी चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा लागते. फॉइल पत्र्याला घट्ट चिकटली की ती त्या बाजूने फॉइल राहत नाही, पत्र्याचाच भाग होते.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. सुरुवातीच्या दिवसांत तुर्भ्यातल्या एका शेडला मी आख्खा रोल गोंद लावून पत्र्याच्या खालून चिकटवून दिला होता. दिसायला एकदम झकास, चांदीचं छत. एप्रिलमध्ये मालकाचा फोन, "साहेब, दिसतं छान, पण उकडतं तसंच." थोडा फरक पडला होता, पैशांच्या मानाने नाही. निम्मा रोल फाडून काढला, पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांच्या खालून तारा ओढल्या आणि नवा रोल त्या तारांवर अंथरला. पत्रा आणि फॉइल यांच्यात तीन-चार इंच जागा. तेव्हा कुठे पुठ्ठा डोक्यावर धरल्यासारखं वाटायला लागलं. दुसऱ्या खेपेच्या मजुरीचे पैसे मी मागितले नाहीत.

तुमच्याकडे तेच करा. निदान इंचभर, जमलं तर तीन इंच फट ठेवा. फॉइलची खालची बाजू चकचकीत असलीच पाहिजे, कारण वरच्या बाजूवर वर्षभरात धूळ बसते आणि ती बाजू निकामी होते. खालच्या बाजूला धूळ बसत नाही. आणि त्या फटीची दोन्ही टोकं बंद करू नका. पत्र्याच्या उतारात खालच्या टोकाकडून हवा शिरेल आणि वरच्या टोकाकडून निघेल अशी जाळी लावून मोकळी ठेवा. कोकणातल्या कौलारू घरात वर माळा असतो, कौलांच्या फटींतून हवा खेळते, माळा तापतो आणि खालची ओटी गार राहते. तेच तत्त्व, फक्त माळा तीन इंचांचा.

कुणी फॉल्स सीलिंगचं सुचवेल. जिप्समचं नको, जुलैत ते दमट हवेने पोटाला येतं आणि बुरशी धरतं. सिमेंट बोर्डचं करता येईल, पण त्याच्या वरची पोकळी बंद ठेवली तर तिथे दिवसभर भट्टी साठते. थर्माकोल चिकटवणारेही भेटतील. नेरूळच्या एका घरी थर्माकोल लावून दिला होता, दिवाळीत बघायला गेलो तर घुशींनी आणि उंदरांनी त्यात चाळी बांधल्या होत्या. शिवाय तो पेट घेतो, आणि तुमच्याकडे भुसा, थिनर, पेट्रोल तिन्ही आहे.

पूर्ण नवीन छत करण्याची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. दोन पत्र्यांच्या मधे पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा घट्ट फोम, भरलेलं 50 मिलिमीटरचं पॅनेल मिळतं. उष्णता अडवण्यात ते पॅनेल साडेतीन मीटर जाड काँक्रीटच्या बरोबरीचं आहे, हिशेब करून बघितलाय. पावसाचा आवाजही कमी होतो, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पत्र्याला खालून दवाचे थेंब सुटतात ते बंद होतं. पण चांगला पत्रा शाबूत असताना केवळ उकाड्यासाठी तो उतरवा असं मी सांगणार नाही. पत्रा सडला असेल त्या वर्षी पफ पॅनेल.

तसंच सोलरचं. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती पॅनेलला दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे तीस हजार अनुदान आहे. पत्र्यापासून वीतभर वर पॅनेल बसवले की वीज तर मिळतेच, शिवाय पत्र्याला सावलीही पडते. मात्र गॅरेजचे खांब आणि आडव्या पट्ट्या तो भार आणि वारा घेतील का, हे स्ट्रक्चरवाल्याकडून तपासून घ्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्या मेमध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा या भागात उडालेले पत्रे आम्ही महिनाभर गोळा करत होतो. उचलणारा वारा खालून घुसतो, हे वर काहीही बांधताना लक्षात ठेवा.

आता शटर. घरबांधणी प्रकल्पांसाठीच्या 2016 च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्या आहे: छत आणि तीन बाजूंना भिंती असलेली गाडी ठेवायची जागा. चौथ्या बाजूबद्दल कायदा गप्प आहे, आणि दुपारी तीननंतर तुमचा सगळा छळ त्या चौथ्या बाजूनेच होतो. छताची पाळी बारा ते तीन, शटरची तीन ते सहा. पश्चिमेचं लोखंडी शटर साडेचारला हात लावून बघा, चटका बसेल.

वर दोन फुटांचं छज्जावजा शेड काढून उपयोग नाही. संध्याकाळी पाचला सूर्य इतका खाली असतो की ऊन शेडच्या खालून सरळ आत येतं. इथे उभा पडदा लागतो, आणि तो शटरच्या बाहेर, फूट-दीड फूट अंतर सोडून. आतून पडदा लावला तर ऊन आधीच आत आलेलं असतं. बांबूची चिक, किंवा 75 टक्क्यांची हिरवी शेडनेट लोखंडी पाइपच्या चौकटीवर, गुंडाळून वर घेता येईल अशी. नव्वद टक्क्यांची घेऊ नका, तिने वारा अडतो. गाडी काढायच्या वेळी गुंडाळायला एक मिनिट लागतं. वेल चढवायची हौस असेल तर शेजारच्या खांबांवरून मधुमालती न्या. घोसाळी, दुधी पावसाळ्यात भरतात, म्हणजे सावली नको तेव्हा. आपल्याला पानं मार्च ते मे हवीत. शटरला बाहेरून फिका रंग द्या. फॉइल वगैरे त्याला चिकटवू नका, गुंडाळताना पहिल्याच दिवशी सोलून निघेल.

पुढे कधी शटर बदलायची वेळ आली तर खालच्या दोन-तीन फुटांत भोकं असलेल्या पट्ट्यांचं घ्या. बंद असतानाही खालून हवा येते. आणि इथून वाऱ्याचा विषय सुरू होतो.

उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, खाडीकडून येतो. खारघर आतल्या बाजूला असल्याने तो वाशीपेक्षा उशिरा पोचतो, पण येतो. तेव्हा हवा शटरच्या तळातून आत घ्यायची आणि पूर्वेच्या भिंतीत अगदी वर, पत्र्याच्या खाली वीतभर अंतरावर, बाहेर फेकणारा पंखा बसवायचा. 12 इंची पुरे. खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा फेकतो ते लिहिलेलं असतं, आकडा 1200 च्या आसपास बघा. तुमच्या गॅरेजमध्ये 46 घनमीटर हवा मावते, म्हणजे अडीच मिनिटांत सगळी हवा नवी. मात्र आत यायची वाट पंख्याच्या तोंडाच्या दुप्पट तरी हवी. शटर पूर्ण बंद करून पंखा लावणारे कितीतरी पाहिलेत. पंखा गरगरतो, हवा हलत नाही. शटर फूटभर वर ठेवायचं तर त्या फटीत बसेल अशी जाळीची चौकट करून घ्या. डोंगराच्या पायथ्याशी राहता, पावसाळ्यात साप आणि घुशी दोन्ही येतात. जाळी बारीक असली की धुळीने आणि भुशाने तुंबते, महिन्याला झटका. भुसा पंख्याच्या मोटरमध्येही जातो, तेव्हा मोटर बंदिस्त असलेला पंखा घ्या.

छतावर गोल फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर तुम्ही विचारलाय. मोठ्या, उंच कारखान्यात तो चांगला. नऊ फुटांच्या गॅरेजला पत्र्यात भोक पाडून पावसाळ्यात गळतीच्या मागे लागण्याइतका फायदा नाही.

आणि छताचा पंखा आधी उतरवा! पत्र्याखाली सगळ्यात गरम हवा वरच्या दोन फुटांत साठते. छताचा पंखा तीच हवा खाली ओढून वडिलांच्या डोक्यावर घालतो. त्याऐवजी बाकड्याच्या बाजूला उभा पंखा, छातीच्या उंचीवर, शटरकडून आत वारा घेणारा. जमीन हा तुमच्या गॅरेजचा एकमेव थंड भाग आहे. खालची माती वर्षभर 27-28 अंशांच्या आसपास असते आणि फरशी तिच्याशी जोडलेली असते. म्हणून फरशीवर रबरी मॅट आणि लाकडी प्लॅटफॉर्म पसरू नका. वडिलांना उभं राहायला दोन फुटांची मॅट पुरे, बाकी फरशी उघडी राहू दे.

कारबद्दल. बाहेरून आल्यावर इंजिन, पाणी, सायलेन्सर मिळून दीडेकशे किलो धातू नव्वद अंशांना असतो. तो थंड होईपर्यंत गॅरेजमध्ये सव्वा युनिट तरी उष्णता सोडतो, म्हणजे किलोवॅटचा हीटर तासाभराहून जास्त चालू ठेवल्यासारखं. गाडी अर्धा तास बाहेर सावलीत उभी करून मग आत घ्या, बोनेटवर हात ठेवून अंदाज येतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, एसी गार होईपर्यंतसुद्धा नाही. त्या धुराला वास येतो तो वेगळा, जीव घेणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जुना फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून गॅरेजमध्येच टाकतो, वर स्वतःची वीजही उष्णता होऊन तिथेच. त्यात दोन पाण्याच्या बाटल्या आणि कैरीचं पन्हं एवढंच ठेवत असाल तर घरातल्या फ्रिजमध्ये जागा करा. इन्व्हर्टरची बॅटरी 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्म्या आयुष्यावर येते, हा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. तिला पश्चिमेच्या कोपऱ्यातून हलवून पूर्वेच्या भिंतीला, फरशीलगत ठेवा, उन्हाळ्यात दर महिन्याला डिस्टिल्ड पाणी बघा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा बॅटरीवर लाकडी पेटी करून झाकू नका आणि पेट्रोलचा कॅन, थिनर तिच्या आसपास नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. शटरच्या तळाशी ठेवलेली फट त्या कामालाही येते.

हे सगळं करून काय मिळेल, ते खरं सांगतो. गॅरेज बाहेरच्या हवेपेक्षा गार होणार नाही. बाहेर 35 असेल तर आत 36. पण आज आत 40 च्या पुढे आणि डोक्यावर 65 अंशांची शेगडी आहे, त्या मानाने झाडाखाली बसल्यासारखं वाटेल. मे महिन्याच्या दमट दुपारी 36 अंशसुद्धा सत्तरीच्या माणसाला रंधा मारायला जास्तच आहेत. 16 एप्रिल 2023 ला तुमच्याच खारघरच्या मैदानावर उन्हाने माणसं दगावली, तेव्हा पारा काही पंचेचाळीसला नव्हता. वडिलांना सकाळी सात ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर काम करू द्या. दुपारी बसून करायचं काम असेल तर ते, पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर हाताशी.

कामाचा क्रम असा लावा. आधी पारदर्शक पत्र्याचा बंदोबस्त आणि रंग, सोबत बोल्टचे जुने वॉशर बदलून घ्या, नाहीतर जूनमध्ये पुन्हा वर चढावं लागेल. मग शेडनेट. मग पंखा. आठ दिवस राहून बघा, पुठ्ठ्याची परीक्षा पुन्हा करा. फरक जाणवत असेल आणि तरी डोकं तापत असेल तरच फॉइलचा खर्च. माझ्या अनुभवात निम्मे लोक फॉइलपर्यंत जात नाहीत. एवढ्यावरही वडिलांसाठी एसी हवाच वाटला तर बाकड्याचा 8 बाय 10 चा भाग पार्टिशनने वेगळा करून तेवढ्याला एक टनाचा पुरेल, गाडी पार्टिशनच्या बाहेर.

आता वडिलांची ताडपत्री. निळी ताडपत्री पत्र्याला चिकटून अंथरली तर तीच तापते आणि खालचा पत्राही तापतो. शिवाय तिच्याखाली ओल अडकून पत्रा गंजतो. तीच ताडपत्री पत्र्याच्या वर दीड-दोन फुटांवर, चारही बाजूंनी वारा खेळेल अशी बांधली तर ती चक्क चांगली सावली देते, आणि निळीऐवजी पांढरी किंवा चंदेरी मिळाली तर उत्तम. आमच्याकडे गावातले लोक पूर्वी मार्चमध्ये पत्र्यावर नारळाच्या झावळ्या टाकायचे, तोच प्रकार. दोरी सुतळीची नको, नायलॉनची घ्या, गाठी दर आठवड्याला बघा, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात, वळीव सुरू व्हायच्या आत, ती उतरवून घडी करून ठेवायची. वडिलांना म्हणावं, उतरवण्याची तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.